नित्य आणि नैमित्तिक : युद्धसेवेंतील स्त्रिया व त्यांचा वारसा

(१)

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव त्या लेखामुळें साडेनऊशेंहून अधिक वर्षें टिकून राहिलें. त्याच परिसरांत, कल्याण आणि अंबरनाथ यांच्या दरम्यान, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें एक लष्करी छावणी वसविली. बदलापूरजवळील चामटोलीहून कल्याणकडे जातांना तिची जागा वाटेंत लागते. सहा हजार सैनिक व तीस हजार इतर माणसें यांची तात्पुरती सोय व्हावी, एवढाच तिचा हेतु होता. युद्ध संपतांच ती ओस पडली. पुढें फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस सरकारनें त्याच बराकींतून आसरा दिला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं त्या वसाहतीस 'उल्हासनगर' हें नांव दिलें. युद्धापुरत्या उभारलेल्या छावणीचें शहर झालें. तेथील पत्त्यांतून 'कॅम्प' आणि 'बराक' हे शब्द आजहि गेलेले नाहींत.

मीमांसकांनीं कर्मांचे जे भेद केले आहेत त्यांत नित्य आणि नैमित्तिक हा भेद आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. संध्यावंदन नित्य; ग्रहणाचें स्नान नैमित्तिक. ग्रहण सुटलें म्हणजे त्या स्नानाचें प्रयोजन उरत नाहीं. निमित्त सरलें कीं त्यावर अवलंबून असलेलेंहि सरतें, असा वैयाकरणांचाहि एक न्याय आहे. परंतु इतिहास हा न्याय नेहमींच पाळतो असें नाहीं. कल्याणची छावणी ही नैमित्तिक वस्तु. ती नित्य झाली. त्याच युद्धानें, त्याच वर्षांत, आणखी एक नैमित्तिक वस्तु निर्माण केली होती, ती म्हणजे स्त्रियांचें लष्करी दल. तिचें काय झालें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या या दलाशेजारीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पलटणीचा वृत्तान्त ठेवला असतां, युद्धसेवेचा वारसा कशानें टिकतो आणि कशानें टिकत नाहीं हें पुष्कळ स्पष्ट होतें, असें वाटल्यावरून दोहोंचा एकत्र विचार येथें केला आहे.

(२)

युद्ध आणि स्त्री यांचा संबंध आला म्हणजे मराठी लेखक बहुधा राण्यांकडे वळतो. ताराबाईंनीं १७०० पासून १७०७ पर्यंत औरंगजेबाविरुद्ध राज्य झुंजतें ठेविलें. उमाबाई दाभाडे यांनीं १७३१ मध्यें डभोईच्या लढाईंत पुत्र पडल्यावर सेनापतीच्या घराण्याची धुरा वाहिली. झांशीच्या लक्ष्मीबाईंचें १८५८ मधील मरण तर सर्वांच्या जिव्हाग्रीं आहे. या कथा खऱ्या आहेत व आदरणीयहि आहेत. तथापि त्यांपासून सामान्य स्त्रीच्या लष्करी सेवेविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. राणी लढते ती राज्याची अधिकारी म्हणून. तिचें नांव बखरींत, पत्रव्यवहारांत, शत्रूच्या खलित्यांत येणारच. हजेरीपटावर जिचें नांव चढतें, जिला दरमहा वेतन मिळतें, आणि जी काम संपल्यावर घरीं जाते, ती स्त्री वेगळी. तिचा इतिहास हजेरीपटाबरोबर जगतो आणि हजेरीपटाबरोबरच मरतो.

अशा स्त्रियांचें एक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासाच्या अगदीं सीमेवर उभें आहे. ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजांची गांठ पडली. त्या मोहिमेंत निजाम अलीच्या सैन्यांत स्त्रियांची पलटण होती. तिला 'जफर पलटण' म्हणत. तिच्या बायका शिपायांप्रमाणें गणवेश घालून बंदुकीची कवाईत करीत, आणि जनानखान्याची राखण हें त्यांचें नेहमींचें काम असे. मामा बारुण व मामा चंपा या दोघी तिच्या प्रमुख म्हणून हैदराबादच्या वृत्तान्तांतून ओळखल्या जातात. खर्ड्याची लढाई आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. सवाई माधवराव, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन यांचीं नांवें मुलांनीं पाठ केलीं. समोरच्या फौजेंत स्त्रियांची पलटण होती हें मात्र क्वचितच कोणी सांगितलें. विजयाच्या वर्णनांत तिला जागा नव्हती आणि पराभवाच्या वर्णनांत तिचें कोणास प्रयोजन नव्हतें.

(३)

आतां १९४२ कडे येऊं. फेब्रुवारींत सिंगापूर पडलें, मार्चमध्यें रंगून गेलें. हिंदुस्थान सरकारास पुरुष हवे होते ते रणांगणावर. कचेऱ्यांतील, तारघरांतील, भांडारांतील त्यांच्या जागा कोणी तरी भरावयास हव्या होत्या. एप्रिल १९४२ मध्यें त्या वर्षाचा तेरावा वटहुकूम निघाला आणि 'विमेन्स ऑक्झिलियरी कोर (इंडिया)' हें दल अस्तित्वांत आलें. युद्धकाळांत सुमारें ११,५०० स्त्रियांनीं त्यांत सेवा केली. इंग्रज, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, पारशी, हिंदु अशा अनेक समाजांच्या स्त्रिया त्यांत होत्या. कारकुनी, टंकलेखन, दूरध्वनि चालविणें, सांकेतिक लिपींतील संदेश लिहिणें व उलगडणें, मोटार हांकणें, सामानाचा हिशेब ठेवणें अशीं त्यांचीं कामें होतीं. हिंदी स्त्रियांस गणवेश म्हणून साडी नेसण्याची मुभा होती. खांद्यावर दर्जाची पट्टी आणि अंगावर साडी हें त्या काळच्या छायाचित्रांतून दिसणारें दृश्य हिंदुस्थानच्या लष्करी इतिहासांत नवीन होतें.

१९४४ मध्यें याच दलाची नाविक शाखा उभी राहिली. तिचें नांव 'विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस'. तिच्यांतील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ सालीं इंग्लंडास गेल्या. हिंदी नौसेवेंतील स्त्रीनें त्या देशास दिलेली ती पहिली भेट होय. स्कॉटलंडमधील रोझाइथ येथें साडींतील या अधिकारी स्त्रीचें छायाचित्र ब्रिटिश नौदलानें घेतलें व तें जपून ठेविलें. पुरुषांबरोबर मुलींनीं काम करण्याविरुद्ध आपल्या देशांत पूर्वग्रह मोठा आहे. परंतु सेवेंत येण्याची मुलींची उत्कंठाच त्याला मोडून काढीत आहे, अशा आशयाचे उद्गार त्या प्रसंगीं त्यांनीं काढले.

युद्धाच्या दुसऱ्या बाजूसहि हिंदी स्त्रिया होत्या. सुभाषचंद्र बसूंनीं १९४३ सालीं सिंगापुरांत आझाद हिंद फौजेंत स्त्रियांची पलटण उभारली आणि तिला मराठी कुळांतील राणीचें नांव दिलें. झांशीच्या राणीच्या या पलटणीच्या प्रमुख डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन. तिच्यांतील बहुसंख्य मुली मलायांतील रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतील होत्या. त्यांनीं हिंदुस्थान डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हतें, आणि झांशी तर नकाशावर दाखवावी लागली असती. एकाच काळीं दोन ध्वजांखालीं हिंदी स्त्रिया गणवेशांत उभ्या होत्या. कोणता ध्वज कोणाचा, हा वाद येथें कर्तव्य नाहीं. दोन्ही पलटणींचा शेवट सारखाच झाला, एवढें लक्षांत ठेवणें पुरे. झांशीच्या राणीची पलटण १९४५ च्या माघारींत विसर्जित झाली. विमेन्स ऑक्झिलियरी कोर १९४७ सालीं मोडली. कल्याणच्या बराकींस पुढच्याच वर्षीं नवे रहिवासी मिळाले. दलांतील स्त्रियांस मात्र सेवामुक्तीचा कागद मिळाला.

या दलाच्या नांवांतील एका शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. 'ऑक्झिलियरी' म्हणजे सहायक. सहायक म्हणजे मुख्य नव्हे. व्याकरणांत सहायक क्रियापद मुख्य क्रियापदाच्या आधारानें उभें असतें. मुख्य क्रियापद गेलें तर तें एकटें अर्थ देत नाहीं. हा एक शब्द नांवांत घालून सरकारनें दलाच्या जन्माबरोबर त्याच्या मृत्यूचीहि व्यवस्था करून ठेविली होती.

(४)

हाच शब्द त्याच सुमारास अमेरिकेंतहि कायद्यांत आला. १५ मे १९४२ रोजीं, म्हणजे हिंदुस्थानांतील वटहुकुमानंतर सुमारें पांच आठवड्यांनीं, तेथें 'विमेन्स आर्मी ऑक्झिलियरी कोर' स्थापन झाली. पुढें १ जुलै १९४३ पासून ती सैन्याचा भाग ठरली व तिच्या नांवांतून 'ऑक्झिलियरी' हा शब्द काढून टाकण्यांत आला. हिंदुस्थानांतील दलाच्या नांवांत तो शेवटपर्यंत राहिला. एका शब्दाचा हा फरक, परंतु पुढील सर्व फरकांचें बीज त्यांत आहे.

तथापि अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्त्रीपुढें एक नव्हे तर दोन भिंती होत्या. एक स्त्रीत्वाची, दुसरी वर्णाची. दलांतील कृष्णवर्णीय स्त्रियांचें प्रमाण शेंकडा दहापेक्षां अधिक होऊं नये असा निर्बंध होता. आयोवा प्रांतांतील फोर्ट डिमॉइन येथें अधिकाऱ्यांच्या पहिल्या वर्गांत ४४० स्त्रिया घेतल्या. त्यांत ४० कृष्णवर्णीय होत्या. त्यांची राहण्याची व जेवणाची व्यवस्था निराळी होती. युद्धांत या दलांत साडेसहा हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय स्त्रियांनीं सेवा केली. परंतु समुद्रापलीकडे पाठविण्याच्या वेळीं सरकार मागें सरे. मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांच्यासारख्या शिक्षणकार्यांतील वृद्ध स्त्रीनें आणि कृष्णवर्णीयांच्या संस्थांनीं व वृत्तपत्रांनीं सतत मागणी केली, तेव्हां एक पलटण युरोपास निघाली. तिचा क्रमांक ६८८८, काम टपालाचें.

या पलटणींत ८५५ स्त्रिया होत्या. मेजर चॅरिटी ॲडम्स तिच्या प्रमुख. त्या शिक्षिकेचें काम सोडून सैन्यांत आल्या होत्या, ही गोष्ट प्रस्तुत लेखकासारख्या शिक्षकास विशेष सांगाविशी वाटते. फेब्रुवारी १९४५ मध्यें पलटण इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं पोंचली. तेथें युरोपांतील अमेरिकन सैनिकांच्या नांवें आलेलीं पत्रें व पुडकीं यांचे ढीग गोदामांतून छताला भिडले होते. सुमारें एक कोटि सत्तर लक्ष नग पडून होते. सैनिक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलत असत. कांहीं पत्रांवर केवळ घरगुती टोपणनांव असे. आणि एकट्या 'रॉबर्ट स्मिथ' या नांवाचे ७,५०० सैनिक होते. हवाई हल्ल्याच्या भीतीनें खिडक्या काळ्या केलेल्या, गोदामांत ऊब नाहीं, खाऊच्या पुडक्यांवर उंदीर लागलेले, अशा स्थितींत या स्त्रियांनीं सैनिकांच्या सत्तर लक्ष नोंदपत्रांची व्यवस्था लावली. अनुक्रमांकावरून एक रॉबर्ट स्मिथ दुसऱ्यापासून निराळा केला. आठ तासांच्या तीन पाळ्या. प्रत्येक पाळींत सुमारें ६५,००० नग. सहा महिन्यांचें म्हणून दिलेलें काम तीन महिन्यांत पुरें झालें. नंतर त्याच कामासाठीं त्या फ्रान्समधील रुआँ येथें व पुढें पॅरिसला गेल्या.

ज्यांनीं हजारों कुटुंबांचीं पत्रें योग्य हातीं पोंचविलीं त्यांस रेडक्रॉसनें लंडनमध्यें राहण्यासाठीं एक वेगळें उतारगृह देऊं केलें. गोऱ्या स्त्रियांबरोबर त्यांनीं उतरूं नये हा त्याचा अर्थ होता. ॲडम्स यांनीं तें नाकारलें आणि पलटणींतील स्त्रियांनीं तेथें पाऊल ठेविलें नाहीं. जुलै १९४५ मध्यें रुआँजवळ मोटारीच्या अपघातांत पलटणीच्या तिघी जणी मृत्यु पावल्या. त्यांचीं थडगीं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमींत आहेत. मरणांत तरी वर्णाची भिंत उरली नाहीं.

१९४६ च्या प्रारंभीं पलटण मायदेशीं परतली व फोर्ट डिक्स येथें मोडण्यांत आली. मिरवणूक नाहीं, समारंभ नाहीं. येथपर्यंत दोन्ही देशांतील वृत्तान्त समांतर चालतो. परंतु दोन वर्षांनीं वाट फुटते. १२ जून १९४८ रोजीं अमेरिकेंत स्त्रियांस सैन्यांत कायम स्थान देणारा कायदा झाला. २६ जुलै १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं सैन्यांतील वर्णभेद मोडण्याचा हुकूम काढला. दोन भिंती होत्या, म्हणून दोन लेख लागले. पहिल्या कायद्यांतहि स्त्रियांची संख्या शेंकडा दोनपेक्षां अधिक नसावी अशी अट होती आणि दुसऱ्या हुकुमाची अंमलबजावणी वर्षानुवर्षें रेंगाळली, हें खरें. तरीहि त्या उन्हाळ्यांत नैमित्तिक सेवेचें नित्य सेवेंत रूपांतर झालें.

(५)

हिंदुस्थानांत असें कांहींच घडलें नाहीं काय? घडलें, परंतु एकाच शाखेंत. ती शाखा परिचारिकांची. २८ मार्च १८८८ रोजीं दहा शिक्षित परिचारिका इंग्लंडाहून मुंबईच्या बंदरांत उतरल्या. लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसविणें हें त्यांचें काम. १९१४ च्या युद्धांत तात्पुरत्या परिचारिकांची भरती झाली आणि १९२६ मध्यें 'इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' ही सैन्याची कायम शाखा झाली. पुढें १९४३ सालच्या एका वटहुकुमानें तिच्या परिचारिकांस कमिशन असलेल्या अधिकाऱ्यांचा दर्जा दिला.

हा वटहुकूम इतिहासाच्या अभ्यासकानें नीट पाहण्याजोगा आहे. सामान्यतः वटहुकूम ही सहा महिन्यांची वस्तु. परंतु १९४० सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें युद्धकालीन आणीबाणीचा जो कायदा केला, त्यानें गव्हर्नर जनरलच्या वटहुकुमांवरील ही मुदत त्या काळापुरती उठविली. त्यामुळें १९४३ चा वटहुकूम युद्धाबरोबर मेला नाहीं. राज्य बदललें, संविधान आलें, तरी तो चालूच राहिला, आणि आजची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस त्याच आधारावर उभी आहे. कल्याणच्या बराकीप्रमाणेंच हीहि युद्धापुरती उभारलेली वास्तु. तिच्यांत माणसें राहिलीं म्हणून ती टिकली.

अर्थात् दर्जा मिळाला म्हणून न्याय मिळाला असें होत नाहीं. या सेवेंतील एका अधिकारी स्त्रीस १९८८ सालीं विवाह केल्याच्या कारणावरून सेवामुक्त करण्यांत आलें. तें कृत्य मनमानी व बेकायदेशीर होतें असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२४ मध्यें दिला व साठ लाख रुपये भरपाई देवविली. छत्तीस वर्षें लागलीं. परंतु तिला भांडावयास जागा होती, ती त्या सेवेला कायद्याचा आधार होता म्हणूनच.

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय परिचारिकांचा अनुभवहि येथें ताडून पाहावा. १९४१ मध्यें तेथील सैन्यानें त्यांच्यासाठीं केवळ ५६ जागा ठेविल्या होत्या. देशांत परिचारिकांची टंचाई, सैनिक जखमी होऊन परत येत आहेत, सक्तीची भरती करण्याची भाषा चालली आहे, आणि शिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका मात्र दाराबाहेर, अशी ती स्थिति. मेबल स्टॉपर्स या परिचारिकेनें हा विसंवाद वारंवार लोकांपुढें मांडला, तेव्हां जानेवारी १९४५ मध्यें ती मर्यादा उठली. तोंपर्यंत युद्ध जवळजवळ संपलें होतें. गरज असतांनाहि दार उघडत नाहीं, यावरून हें दिसतें कीं निमित्तानें सर्व होत नाहीं. मागणी करणारें कोणी लागतें.

(६)

स्वतंत्र भारताच्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्यें बारावें कलम असें आहे कीं, सरकार राजपत्रांत अधिसूचना काढून ज्या शाखा ठरवील त्या सोडून स्त्रीस नियमित सैन्यांत भरती होतां येणार नाहीं. त्यास जोडून एक परंतुक आहे. नियमित सैन्यास 'सहायक' अशी जी सेवा कायद्यानें उभारली असेल, तिला या कलमानें बाध येत नाहीं. १९४२ सालचा तोच शब्द येथें पुन्हां भेटतो. परिचारिकांची सेवा या परंतुकाच्या छायेंत सुरक्षित राहिली. बाकी स्त्रियांपुढें दार लागलें. ११,५०० स्त्रियांनीं पांच वर्षें जें काम केलें होतें, त्याचा या कलमावर कांहीं परिणाम झालेला दिसत नाहीं. त्यांची सेवा पूर्वोदाहरण म्हणून कोणी पुढें मांडली नाहीं. येथें त्यांच्या वारशाची खरी हानि झाली.

१९५८ सालीं सैन्याच्या वैद्यकीय कोरमध्यें स्त्री डॉक्टरांस नियमित कमिशन मिळूं लागलें. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजांतून शिकलेल्या माधुरी कानिटकर याच वाटेनें पुढें गेल्या व फेब्रुवारी २०२० मध्यें लेफ्टनंट जनरल झाल्या. त्या पदास पोंचलेल्या भारतांतील त्या तिसऱ्या स्त्री. इतर शाखांची अधिसूचना मात्र निघाली ती ३० जानेवारी १९९२ रोजीं, कायदा झाल्यावर बेचाळीस वर्षांनीं. तिच्यांत ज्या पांच शाखा होत्या त्यांत कायदा, शिक्षण, शस्त्रभांडार आणि अन्नपुरवठा यांच्या जोडीस टपालसेवाहि होती. बर्मिंगहॅमच्या गोदामांत कृष्णवर्णीय स्त्रियांनीं जें काम १९४५ सालीं करून दाखविलें, त्याच कामाच्या वाटेनें भारतीय स्त्री १९९२ सालीं सैन्यांत शिरली. एकीचा दुसरीशीं संबंध होता असें म्हणण्याचा हेतु नाहीं. स्त्रियांस प्रथम कोणतें काम द्यावयाचें याविषयीं राज्यकर्त्यांचा विचार देशोदेशीं किती सारखा चालतो, एवढेंच त्यावरून दिसतें.

ही भरतीहि प्रारंभीं पांच वर्षांचीच होती, म्हणजे पुन्हां नैमित्तिक. मुदत वाढत गेली, परंतु कायम कमिशनासाठीं स्त्री अधिकाऱ्यांस न्यायालयांत जावें लागलें. दिल्ली उच्च न्यायालयानें १२ मार्च २०१० रोजीं व सर्वोच्च न्यायालयानें १७ फेब्रुवारी २०२० रोजीं त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें दार मुलींस उघडलें, आणि ३० मे २०२५ रोजीं तेथून पहिल्या १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

या प्रबोधिनीची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' या नांवानें ओळखली जाते. १९४१ च्या पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेंत हिंदी सैन्यानें सुदानचें रक्षण केलें. केरेनच्या लढाईंत मराठा पलटणहि होती. त्या उपकाराची आठवण म्हणून सुदानच्या सरकारनें एक लक्ष पौंड दिले. फाळणीनंतर भारताच्या वांट्यास आलेले सत्तर हजार पौंड या इमारतीस लागले. आफ्रिकेच्या भूमीवर पडलेल्या पुरुषांचें स्मारक म्हणून आलेल्या द्रव्यानें जी वास्तु उभी राहिली, तिच्या अंगणांतून आज मुली संचलन करितात. दात्याच्या मनांत हें असण्याचें कारण नव्हतें. परंतु टिकाऊ वास्तूचा हा गुण असतो कीं ती आपल्या हेतूपेक्षां मोठी होते.

(७)

या सर्वांवरून वारशाचे तीन प्रकार दिसतात. पहिला गौरवाचा. ६८८८ व्या पलटणीस २०१८ सालीं कॅन्सस प्रांतांत स्मारक मिळालें. २०२२ सालीं तिला काँग्रेसचें सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला व एप्रिल २०२५ मध्यें तें समारंभपूर्वक अर्पण करण्यांत आलें. तोंपर्यंत ८५५ पैकीं मोजक्याच जणी हयात होत्या. २०२३ सालीं व्हर्जिनियांतील एका लष्करी तळास चॅरिटी ॲडम्स व आर्थर ग्रेग या दोन कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांचें नांव देण्यांत आलें; २०२५ सालीं तें काढून 'फोर्ट ली' हें नांव परत आणण्यांत आलें. गौरव हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. म्हणून तोहि नैमित्तिकच.

दुसरा प्रकार कायद्याचा. तो गौरवापेक्षां बळकट. १९४३ चा वटहुकूम, १९४८ चे अमेरिकेंतील दोन लेख, २०२० चा निर्णय, यांनीं माणसें बदललीं तरी जागा राखून ठेविल्या. विमेन्स ऑक्झिलियरी कोरच्या वांट्यास असा लेख आला नाहीं, आणि म्हणून १९९२ मध्यें जें दार उघडलें तें जणूं प्रथमच उघडत आहे असें सर्वांस वाटलें.

तिसरा प्रकार दफ्तराचा, आणि तो आपल्या हातांतला आहे. चॅरिटी ॲडम्स यांनीं १९८९ सालीं आपल्या लष्करी सेवेची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्या पुस्तकामुळें पुढील संशोधकांस पलटणीचें रोजचें जीवन कळलें, आणि त्या ज्ञानाच्या आधारावरच पुढें स्मारकाची व पदकाची मागणी उभी राहिली. क्रम असा आहे : प्रथम कागद, मग मागणी, मग कायदा किंवा गौरव. जफर पलटणीचे कागद थोडे, म्हणून तिच्यासाठीं मागणी करणारें कोणी नाहीं.

जी मुलगी १९४२ सालीं अठरा वर्षांची होती तिनें आज शंभरी ओलांडली आहे. तिच्या तोंडची हकीकत ऐकण्याचा काळ बहुतेक सरला. तिच्या पेटींतले कागद पाहण्याचा काळ अजून आहे. मुंबई, पुणें, देवळाली, कल्याण, या लष्करी व्यवहाराच्या जागा. येथील जुन्या घरांतून सेवामुक्तीचे दाखले, पगाराच्या पावत्या, खांद्यावरच्या पट्ट्या, साडींतील गणवेशाचीं छायाचित्रें, घरीं लिहिलेलीं पत्रें असल्यास तीं रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावयास हवीं. मराठी संशोधकांनीं देशमुख-देशपांड्यांच्या दफ्तरांसाठीं गांवोगांव पायपीट केली. वाळवी लागलेल्या रुमालांतून राज्याचा इतिहास बाहेर काढला. तीच पद्धति येथें लागूं पडते. फरक एवढाच कीं, हे कागद वाड्याच्या तळघरांत नसून एखाद्या आजीच्या लोखंडी पेटींत, लग्नाच्या साड्यांखालीं असतील, आणि ते इतिहासाचें साधन आहेत हें घरच्यांस कोणी सांगितलेलें नसेल.

मंडळाच्या सभासदांनीं असे कागद मिळाल्यास मूळ घरच्यांकडेच ठेवून त्यांची नक्कल व छायाचित्र घ्यावें, सेवेचें ठिकाण, दर्जा व वर्षें यांची टीप जोडावी, आणि ती मंडळाच्या दफ्तरांत दाखल करावी. माम्वाणीचें नांव एका शिळेनें राखलें. या स्त्रियांचीं नांवें राखावयास शिळेची गरज नाहीं. एक नीट ठेवलेली यादी पुरे.